पाच ठिकाणची माती

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. तपासणीला गेलेली माती माझ्या कुंड्यांतली होती.

माझं शिवणाचं दुकान त्या मोकळ्या जागेच्या अगदी समोर. अठरा वर्षं मशीनवरून मान वर केली की गेटच्या गजांतून मला तेच दिसायचं. गुडघ्याएवढं गवत, कुणीतरी भिंतीवरून फेकलेली गादी, फुटकं वॉशबेसिन आणि मागच्या भिंतीला टेकलेला एक जुना ढिगारा. भिंतीवर काचा लावलेल्या, गेटला पालिकेचं कुलूप. जागा कुणाच्याच कामाची नव्हती, पण कुलूप मात्र भक्कम होतं.

मग पालिकेनं ती योजना काढली. वस्तीतल्या लोकांनी गट करायचा, पडीक जागा सुधारायची, निधी पालिका देणार. फॉर्म आणला पोस्टमास्तरांनी. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणतात, आणि ते अजूनही दुसऱ्याच्या हातातला कागद उलटसुलट करून शिक्का शोधतात. अकरा जणांचा गट झाला. ते अध्यक्ष, मी सचिव. माझं अक्षर चांगलं म्हणून, असं ते सगळ्यांना सांगतात. खरं कारण असं की मी मागितलेला कागद न देण्याची आमच्या गल्लीत कुणाची छाती नाही.

फॉर्मला बारा जोडपत्रं होती. नकाशा पोस्टमास्तरांकडे, माती माझ्याकडे. मातीच्या सूचना छापील होत्या. पाच वेगवेगळ्या ठिकाणी वीतभर खोल खणावं, प्रत्येक ठिकाणची माती घ्यावी, खडे आणि मुळं काढून सावलीत वाळवावी, एकत्र करावी, अर्धा किलो कापडी पिशवीत भरावी. मी आधी पिशवी शिवली. दुहेरी शिवण, वर नाडी. इतकी देखणी झाली की पोस्टमास्तर म्हणाले, "काकू, हिच्यात माती कसली भरता, दागिने ठेवा."

गेटची किल्ली पालिकेतल्या ज्या कारकुनाकडे होती तो रजेवर गेला. आज येतो, उद्या येतो, असं करत बुधवार उजाडला. शेवटची तारीख शुक्रवार, आणि माती वाळायला दोन दिवस हवेत. दुकानाच्या पायरीवर माझ्या कुंड्या होत्या. मी मोजल्या तर बरोबर पाच. प्रत्येकीत वीतभर खणलं, खडे वेचले, मुळं काढली, कपाटाखाली सावलीत वर्तमानपत्रावर वाळवली. इतकं नियमानं खोटं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. मनात एवढंच होतं की माती ती माती, रस्त्याच्या ह्या अंगाची काय आणि त्या अंगाची काय.

अहवाल आला: उत्तम, भाजीपाल्यास योग्य, घातक धातू आढळले नाहीत. पोस्टमास्तरांनी बैठकीत तो उभं राहून वाचला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आतून गुदगुल्या झाल्या हे कबूल करते. इतकी वर्षं चहाचा चोथा घातला होता त्या कुंड्यांत, कुणीतरी दाद दिली.

निधी आला. गवत निघालं, गादी गेली, वाफे झाले, बाक आले, नळ आला, झोपाळा आला. निधी कचेरीच्या बाई येऊन आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढून गेल्या. दुसऱ्या वर्षी पालक आणि टोमॅटो एवढे आले की लोक पिशव्या घेऊन उभे राहायचे. ढिगारा तेवढा राहिला, कारण तो उचलायचं कंत्राटात लिहायला पोस्टमास्तर विसरले. पोरांना तोच सगळ्यात आवडायचा. त्यात काळ्या प्लास्टिकचे जाड तुकडे निघायचे, त्यांच्या ताटल्या करून पोरं भातुकली खेळायची.

आणि मुंगी. माझी नात, साडेतीन वर्षांची. मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. सूनबाई कुरिअरच्या कचेरीत, त्यामुळे नऊ ते सहा मुंगी माझ्याकडे. रांगायला लागल्यापासून जमिनीवर जे असेल ते तिच्या तोंडात, म्हणून मुंगी. माती तर तिला फार प्रिय. बोट थुंकीनं ओलं करायचं, मातीत टेकवायचं आणि चाटायचं. सूनबाई ओरडायची. मी म्हणायचे, "खाऊ दे गं, तुझ्या नवऱ्यानंही खाल्ली होती, मेला नाही." हे वाक्य मी बऱ्याचदा म्हटलंय. हसत म्हटलंय.

एका मंगळवारी सकाळी एक गृहस्थ तीन पँटी घेऊन आले. साठीच्या आसपासचे, नीटनेटके, दाढी केलेली.

"ताई, ह्यांची बटणं आणि चेन काढून कमरेला इलॅस्टिक घालून द्याल?"

"पोट सुटलंय का, भाऊ?" मी गिऱ्हाइकांची थट्टा करतेच. "एक इंच सैल करून देते की. चांगल्या पँटींचे पायजमे कशाला करताय?"

ते हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर आणले. मनगटापासून पंजे खाली लोंबत होते. "बघा," ते म्हणाले आणि बोटं वर उचलायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या पडल्या, बोटं जागची हलली नाहीत. "बटण लावता येत नाही मला. मुलगी लावून द्यायची, आता ती सासरी गेली."

मी जीभ चावली, कमरेचं माप घेऊ लागले. ते रस्त्यापलीकडे बघत होते.

"बाग केली वाटतं इथं?"

"आम्हीच केली," मी म्हणाले. जरा टेचातच म्हणाले.

"आमचा कारखाना होता इथं. कारखाना म्हणजे काय, एक शेड आणि एक भट्टी. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या यायच्या, त्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं. आतलं पाणी तिथंच ओतून द्यायचो. नऊ वर्षं केलं मी. तेव्हा ही वस्ती नव्हती, तुम्ही लोक नंतर आलात." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "शिसं रक्तात गेलं म्हणे. डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. मागच्या भिंतीला काळं प्लास्टिक असेल बघा अजून, बॅटऱ्यांच्या खोक्यांचं."

मी टेप गळ्यात अडकवली.

"पोरं खेळतात का आत?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "माती तपासली असेलच म्हणा. सरकारी काम म्हणजे तपासल्याशिवाय होत नाही."

"तपासली," मी म्हणाले. "तपासली ना."

ते गेले तसं मी वर बघितलं. मुंगी ढिगाऱ्यापाशी उकिडवी बसली होती, काळ्या तुकड्यावर माती वाढून घेतलेली, आणि बोट तोंडात. गळ्यात टेप तशीच लोंबत मी रस्ता ओलांडला. एक स्कूटरवाला करकचून ब्रेक लावून मला काहीतरी बोलला. मी मुंगीला उचलून नळाखाली धरलं, तिचं तोंड उघडलं. जीभ मातकट झाली होती. मी बोटानं घासत राहिले, ती रडत राहिली. बाकावर बसलेली शेजारीण म्हणाली, "अहो, आज एकदम काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, जंत होतील."

त्या दिवसापासून माझं मशीनवर लक्ष लागेना. गेला महिनाभर मुंगी "पोट दुखतं" म्हणत होती. जेवत नव्हती. आधी चार पायऱ्या उड्या मारत उतरायची, ती आता कडेवर घे म्हणायची. सूनबाईची नवी नोकरी आहे, पोर तिच्याविना हिरमुसली, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं. आता प्रत्येक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहायची. ती पेला उचलायची तेव्हा मी तिच्या मनगटाकडे बघायचे. पेला सांडला की मी तिची बोटं एकेक करून हलवून बघायचे.

सांगितलं का नाही, असं तुम्ही विचाराल. पालिकेची भीती नव्हती. पोस्टमास्तरांचीही नाही. सूनबाईचा चेहरा कसा होईल, ह्याची भीती होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि पोर माझ्यावर सोपवून ती बिनघोर कामाला जात होती.

बुधवारी मी खरंच पाच ठिकाणी खणलं. वाफ्यांत तीन, झोपाळ्याखाली एक, ढिगाऱ्यापाशी एक. ही पिशवी शिवताना शिवण वाकडी गेली आणि मी ती उसवलीसुद्धा नाही. वाळेपर्यंत थांबायचा धीर नव्हता, ओलसर मातीच नेऊन दिली. प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस." मी म्हटलं, जरा लवकर नाही का होणार? त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच लवकर हवं असतं, मावशी." पंधरा दिवस गप्प बसायचं, अहवाल चांगला आला तर कुणाला काही कळणारच नाही, असा हिशेब मी करून टाकला.

त्याच संध्याकाळी सूनबाई परतताना बागेतून पालकाची जुडी घेऊन आली. मी म्हटलं, "घरात भाजी आहे की." ती म्हणाली, "असू दे आई, मुंगीच्या अंगात रक्त कमी दिसतंय, पालक बरा." मीच चिरते म्हणून जुडी हातातून काढून घेतली, आणि चुलीवर ठेवून करपू दिली. मुद्दाम. घरभर धूर झाला. सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्याकडून भाजी करपली? सूर्य कुठे उगवलाय आज?" आणि खिडक्या उघडत हसली.

पण रोज काय करपवणार? आणि बाकीची पोरं होतीच. गुरुवारी मी सरळ ठोकून दिलं की बागेत साप पाहिला. चांगला हातभर, काळा, ढिगाऱ्यात शिरला. मला वाटलं, आता पंधरा दिवस तरी कुणी पोरांना तिकडे सोडणार नाही. शुक्रवारी बाग सुनीसुनी होती आणि मी जरा श्वास घेतला. मुंगीला दुकानात कोंडून ठेवलं, चिंध्या दिल्या खेळायला.

पण मी आमच्या गटाला विसरले होते. एरवी बैठकीला सात वेळा निरोप धाडावे लागणारी माणसं सापाच्या नावानं पेटून उठली. रविवारी सकाळी मी दुकानाचं दार उघडलं, तर गेट सताड उघडं, आत तीस-चाळीस माणसं, फावडी, घमेली, आणि पोस्टमास्तर टोपी घालून हुकूम सोडतायत. ढिगाराच उपसायचा ठरलं होतं. नसेल साप तर निदान बिळं तरी बुजतील. पोरांना भिंतीच्या कडेला रांगेनं बसवलं होतं, सर्कस बघायला बसवतात तसं. वारा सुटलेला. पहिल्या फावड्यांबरोबर काळपट धूळ उठली आणि त्या रांगेवरून गेली. पोरं खोकली आणि हसली. आणि सूनबाई, रविवारची सुट्टी म्हणून, मुंगीला खांद्यावर घेऊन सगळ्यांत पुढे. मुंगी ओरडत होती, "साप दाखवा! मला साप दाखवा!"

मी गर्दीतून घुसले आणि ढिगाऱ्यावर जाऊन उभी राहिले.

"काकू, बाजूला व्हा," पोस्टमास्तर म्हणाले. "निघाला तर चावेल."

"थांबवा हे. साप नाहीये."

"तुम्हीच तर बघितला!"

"नाही बघितला. खोटं बोलले मी."

लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, काकूंनी रविवारी सगळ्यांना चांगलं कामाला लावलं. मी ओरडले, "पोरांना बाहेर काढा आधी! ह्या मातीत शिसं आहे. विष आहे." हसू थांबलं. पोस्टमास्तरांना काही कळेना. "अहो, अहवाल आहे आपल्याकडे. उत्तम लिहिलंय त्यात."

"तो माझ्या कुंड्यांचा अहवाल आहे."

मग मी सगळं सांगितलं. किल्ली, कारकून, पाच कुंड्या, इलॅस्टिकवाले भाऊ, त्यांचे हात. सांगताना मी पोस्टमास्तरांकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. आया उठल्या, पोरांना ओढत गेटकडे धावल्या. एकीनं जाताना माझ्याकडे बघून काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. म्हटलं ते बरोबर म्हटलं.

सूनबाई मात्र जागची हलली नाही. तिनं ओढणीचं टोक मुंगीच्या नाकातोंडावर धरलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं, आई?"

"मंगळवारी."

"मंगळवारी," ती म्हणाली. "आणि आज रविवार." तिनं मुंगीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "म्हणजे पालक तुम्ही करपवलात."

"हो."

"करपवलात, पण बोलला नाहीत."

ती वळली आणि गेली. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

दवाखान्यात चौदा पोरांची रांग लागली. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या, लोक उभे होते पण बसत नव्हते. मुंगीची पाळी आली तेव्हा नर्स म्हणाली, "कुणीतरी हात धरा हिचा." मी उठले. सूनबाईनं हातानंच मला थांबवलं आणि स्वतः धरला. सुई टोचली तेव्हा मुंगीनं "आजी!" अशी हाक मारली. मी बाकावर बसून ती ऐकली.

चौदा जणांत सगळ्यात जास्त शिसं मुंगीच्या रक्तात निघालं. आणखी दोघांत थोडं, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, मातीपासून दूर ठेवा, औषध देतो, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. मी दारापाशी उभी होते. मी विचारलं, "हात जातील का हो तिचे?" ते म्हणाले, "एवढ्या लहान मुलांत हातांचं नसतं. पोट बघायचं, डोकं बघायचं. शिकण्यात मागे पडते का ते बघायचं." मला हातांचंच कळत होतं. डोक्याचं कसं बघायचं, ते कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या पिशवीचा अहवाल आला, तो कसा होता सांगायला नको. निधी कचेरीच्या बाई आल्या, चिडल्या नाहीत, नुसत्या लिहून घेत राहिल्या. माती उपसून नवी टाकायला पुन्हा नवा अर्ज करावा लागेल म्हणाल्या, आणि त्यात माती काढताना गटातले दोन साक्षीदार हवेत, अशी एक ओळ आता वाढवली आहे. गेटला परत कुलूप बसलं. पोस्टमास्तरांनी दोन्ही अहवाल माझ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि टोपी काढून दोन्हींवरचे शिक्के बघितले. मग म्हणाले, "पहिली माती फार चांगली होती हो तुमची." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मुंगी आता पाळणाघरात जाते. घरात सूनबाई माझं ताट वाढते, औषधाच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवते, पण बोलत नाही. दहा दिवस असे गेले. अकराव्या सकाळी मी दुकान उघडत होते, तर ती मुंगीचा फ्रॉक घेऊन आली. गळ्याला इलॅस्टिक असलेला, मीच शिवलेला. तो तिनं मशीनवर ठेवला.

"ह्याचं इलॅस्टिक काढा," ती म्हणाली. "पुढून बटणं लावा. तिची तिला लावता येतील अशी."

मी वर बघितलं. मला वाटत होतं की ती मला शिक्षा म्हणून गप्प आहे. तसं नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते, आणि मुंगीच्या हातांची जी भीती मला होती तीच तिलाही होती. डॉक्टरांनी सांगितलेलं तिलाही पुरलं नव्हतं. मी फ्रॉक उसवला. पाच बटणं लावली, काजं हातानं केली.

आता पाळणाघरात जायच्या आधी मुंगी दुकानात येते, टेबलावर उभी राहते आणि बटणं लावते. आम्ही दोघी समोर. सूनबाईला कामावर जायला उशीर होतो, पण ती घड्याळ बघत नाही. पहिलं बटण, दुसरं. जमलं की मुंगी टाळी वाजवते, आम्ही पण वाजवतो.

आज चौथं बटण काजात अडलं. मुंगीनं दोनदा ओढलं, जीभ बाहेर काढून पुन्हा एकदा ओढलं आणि मग दोन्ही हात खाली सोडून दिले. "आजी, तू लाव," ती म्हणाली.

कंटाळली असेल. साडेतीन वर्षांची पोर, सकाळी सकाळी कंटाळतेच. काज मी जरा घट्ट केलं असेल, नव्या कापडाचं होतं असं. माझा हात पुढे गेला होता. सूनबाईनं तो मनगटापाशी धरला, घट्ट, आणि सोडला नाही.

"तूच लाव, बाळा," ती म्हणाली. "घाई नाही आपल्याला."

मुंगीनं हात पुन्हा वर उचलले. आम्ही दोघी तिच्या बोटांकडे बघत उभ्या राहिलो.